डिलिव्हरीला डूला ठेवली आहे का कोणी? हॉस्पिटल म्हणतंय आत एकालाच सोडू

कर्वेनगरची_लेक

नमस्कार मैत्रिणींनो, मला तिसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ, आतापर्यंत सगळं व्यवस्थित, बीपी शुगर नॉर्मल, बाळाचं डोकं खाली आलंय असं परवाच्या सोनोग्राफीत सांगितलं. आमच्या सोसायटीतल्या एकीने डूला (बाळंतपणात सोबत करणारी, धीर देणारी शिकलेली बाई) ठेवली होती, ती इतकं भरभरून सांगत होती की मी पण चौकशी सुरू केली. दोघींशी फोनवर बोलणं झालं, एकीने पस्तीस हजार सांगितले, दुसरीने पंचावन्न. आधी काही भेटी, मग कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत पूर्ण वेळ सोबत, आणि नंतर एकदा घरी येऊन बाळाला अंगावर कसं घ्यायचं ते दाखवणार.

आता अडचण अशी की हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर विचारलं तर म्हणाले लेबर रूममध्ये एकच माणूस, नवरा नाहीतर दुसरं कोणीतरी. आणि नवऱ्याला आत यायचंच आहे, त्याने तसं पहिल्या महिन्यापासून सांगितलंय. सासूबाईंचं म्हणणं मी आहे ना, पैसे देऊन परकी बाई कशाला. त्या प्रेमानेच म्हणतात पण त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, रात्रभर उभं राहणं त्यांना झेपणार नाही. आई इचलकरंजीला, बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं त्यामुळे माहेरी बाळंतपण नाही आणि आई ऐनवेळी पोहोचेल का तेही नक्की नाही.

मला कळांची एवढी भीती नाही, एकटं पडायची आहे. माझ्या चुलत बहिणीला रात्री ॲडमिट केलं, आत कोणालाच सोडलं नाही, सकाळपर्यंत एकटीच कळा सोसत पडली होती, कोणीतरी मधूनमधून यायचं, आतून तपासायचं, अजून वेळ आहे म्हणायचं आणि जायचं. मुलगी आता शाळेत जाते तरी ते सांगताना तिचे डोळे भरतात. ज्यांनी ठेवली त्यांनी खरं काय ते सांगा, उपयोग होतो का आणि डॉक्टरांना कसं पटवलंत.

दोन_पिल्लांची_आई

मी ठेवली होती, दुसऱ्या वेळी, पुण्यातच. पहिली गोष्ट, रिसेप्शनचं उत्तर शेवटचं धरू नकोस, ते सगळ्यांना तेच सांगतात. ओपीडीत डॉक्टरांनाच विचार आणि जमलं तर डूलाला एकदा व्हिजिटला सोबत घेऊन जा. आमच्या मॅडमच्या कपाळावर आधी आठी आली होती. मग त्यांनी स्पष्टच सांगितलं की माझ्या कामात पडणार नसाल तर माझी हरकत नाही, आणि आमची डूला पण तिथेच म्हणाली की मी तपासणी करत नाही, औषध द्या नका देऊ असलं काही बोलत नाही, मी फक्त हिच्याजवळ असणार. मग मॅडमनी फाइलवर लिहून दिलं, नवरा आणि डूला दोघं आत चालतील, खाली सही. हे लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे गं, कारण रात्री दोन वाजता जाशील तेव्हा ड्युटीवर वेगळीच माणसं असतात आणि तुझी मॅडम घरी झोपलेली असते.

आता उपयोगाचं. कळा सुरू झाल्या तेव्हा ती आधी घरीच आली. मी घाबरून लगेच निघणार होते, तिने कळांमधलं अंतर मोजलं, मॅडमना फोन लावून दिला, त्या म्हणाल्या अजून थांबा चालेल. मग गरम पाण्याने अंघोळ केली, मऊ भात खाल्ला, मोठ्या बॉलवर बसून कंबर गोल गोल फिरवत राहिले, टीव्हीवर काहीतरी चालू होतं. (पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र घरी एक मिनिट थांबायचं नाही हे तिने आधीच चारदा बजावलं होतं.)

हॉस्पिटलमध्ये गेल्यावर माझ्या सगळ्या कळा कमरेत. कळ आली की ती तळहाताचा मनगटाजवळचा भाग माकडहाडाच्या थोडा वर टेकवून अंगाचा पूर्ण भार देऊन दाबून धरायची आणि कळ ओसरली की हळूच सोडायची. मी दात आवळले की म्हणायची जबडा सैल सोड, खांदे खाली. पाण्याचा घोट, ओला नॅपकिन, परत कळ, परत दाब. मग तिने नवऱ्याचा हात त्याच जागी ठेवून किती जोर द्यायचा ते शिकवलं आणि त्यानंतर बराच वेळ तो दाबत होता आणि ती माझ्यासमोर बसून श्वास घेऊन दाखवत होती. सीटीजीचा (बाळाचे ठोके बघायच्या मशीनचा) पट्टा लावल्यावर आडवं पडून कळ सहनच होईना तर तिने सिस्टरना नीट विचारलं की उभं राहून चालेल का, त्या म्हणाल्या चालेल. मला स्वतःला तेव्हा हे विचारायचं सुचलंच नसतं.

शेवटी मी एपिड्युरल (कळा बधिर करायचं पाठीतलं इंजेक्शन) घेतलं. आधी नको असं ठरलं होतं. तिने एका शब्दाने अडवलं नाही, उलट सुई टोचताना हलायचं नसतं ना, तेव्हा माझे खांदे धरून उभी होती (भूलतज्ज्ञ हो म्हणाले म्हणून). चांगली डूला अशी असते. जी म्हणेल की नॉर्मलची गॅरंटी देते, किंवा इंजेक्शन घेऊ नको, सोनोग्राफी कमी कर, तिला लांबूनच नमस्कार कर. आपल्याकडे डूलासाठी सरकारी नोंदणी वगैरे काही नाही, कोर्स करून कोणीही बोर्ड लावू शकतं, त्यामुळे पारखून घेणं आपल्यावरच आहे.

लेबररूम_सिस्टर_सातारा

ताई मी स्टाफ नर्स आहे, सरकारी रुग्णालयात. तुमच्या बहिणीसोबत झालं ते व्हायला नको होतं, पण आतलं चित्र पण सांगते. एका शिफ्टला एकेका सिस्टरकडे कळा देणाऱ्या कितीतरी बाया असतात, त्यात एखादीची तब्येत अचानक बिघडली की बाकीच्यांकडे बघायला माणूसच उरत नाही. आमचं मन नसतं असं नाही. म्हणून मला स्वतःला वाटतं की प्रत्येकीजवळ एक माणूस कायम असायलाच पाहिजे, मग ती डूला असो, मावशी असो, जाऊ असो.

आणि हे काही श्रीमंतांचं फॅड नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली आहे, शक्यतो नात्यातली बाई, जिचं स्वतःचं बाळंतपण झालंय अशी, तिला संसर्गाचा आजार नको, कपडे स्वच्छ पाहिजेत, स्टाफच्या कामात हात घालायचा नाही आणि पूर्ण वेळ थांबायचं. जिथे बाकीच्या बायकांचा आडोसा नीट राहतो तिथे नवरा पण चालतो. २०१७ च्या शेवटी सरकारी लेबर रूम सुधारायचा लक्ष्य कार्यक्रम आला त्यात पण हे आहे. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून तेच सांगते की बाईला हवी ती सोबत द्या. तुमचं हॉस्पिटल खासगी आहे, तिथे त्यांचे नियम, पण डॉक्टरांशी बोलताना हे माहीत असू द्या.

अभ्यास पण झालेत. २०१७ चा कॉक्रेन रिव्ह्यू (बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा) आहे, १७ देशांतल्या पंधरा हजारांच्या वर बायकांचा, त्यात सतत सोबत मिळालेल्यांचं सिझरचं प्रमाण कमी दिसलं, कळांचा वेळ थोडा कमी, वेदनेची औषधं कमी लागली, आणि सोबतीमुळे नुकसान झालं असं काही सापडलं नाही. सगळे अभ्यास सारख्या दर्जाचे नाहीत हे त्यांनीच लिहिलंय. पण बघा, त्यात सोबत म्हणजे फक्त डूला नाही, कुठे स्टाफ होता, कुठे घरचं माणूस.

एक विनंती, डूला ठेवलीत तर तिला सांगा सलाईनला, मशीनच्या बटणांना हात लावायचा नाही आणि पिशवीचं तोंड किती उघडलं ते स्वतः बघायचं नाही. असं करणारी एक बाई आमच्या ओळखीच्या दवाखान्यात येऊन गेली, त्यानंतर तिथे सगळ्याच डूला बंद झाल्या.

नाशिकची_मावशी

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नको बाळा. पन्नास हजार ही लहान रक्कम नाही. बाळंतपण एका दिवसाचं, पण खरी परीक्षा पुढच्या सव्वा महिन्याची असते. टाके दुखतात, दूध उतरत नाही, छातीत गाठी होतात, रात्रीची झोप नाही, आणि तुझी आई तर जवळ नाही. तेच पैसे चांगल्या मालिशवाल्या बाईला, स्वयंपाकाच्या बाईला आणि रात्री बाळ धरायला कोणी मिळालं तर तिला दे. आणि सासूबाईंना परकं करू नको. त्यांना डूलाच्या पहिल्या भेटीला समोर बसव, त्यांना काय करता येईल ते तिच्याच तोंडून ऐकू दे. माझ्या सुनेच्या वेळी मी आत नव्हते, डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडीचं माझ्याकडे होतं, मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. मात्र शेगडीचा धूर बाळाच्या खोलीत नको, ते आमच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि बरोबरच होतं.

पिंपरीचा_बाबा

नवऱ्याच्या बाजूने लिहितो. डूला आली म्हणून मी बाजूला पडेन असं मला वाटत होतं, झालं उलटंच. आत मला काय करायचं ते कळत होतं, आणि पहाटे तिने मला सांगितलं की खाली जा, चहा आणि काहीतरी पोटात घाल, मी आहे, तेव्हा मी निर्धास्त गेलो. ती नसती तर मी हललोच नसतो आणि पुढे चक्कर येऊन पडलो असतो.

पण एक गोष्ट ठामपणे सांगतो, डूलापेक्षा डॉक्टरची निवड मोठी. एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) २०१९-२१ च्या पाहणीत देशभरात खासगी दवाखान्यांत साधारण ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४ टक्के. खासगीत अवघड केसेस येतात हे मान्य, तरी फरक मोठा आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारा तुमच्याकडे पहिलटकरणींमध्ये किती सिझर होतात, कळा आपोआप सुरू व्हायची वाट किती बघता, कळांमध्ये चालू फिरू देता का. जे डॉक्टर या प्रश्नांवर चिडतात तिथे डूला तरी काय करणार. आणि सिझरची खरंच गरज असेल तर ते करावंच, त्यात हार वगैरे काही नसते, आमचं शेवटी तसंच झालं आणि दोघं सुखरूप आहेत.

आइंडहोवनहून_मी

मावशींना माझा पूर्ण पाठिंबा. इकडे नेदरलँड्समध्ये बाळ झाल्यावर घरी क्रामझोर्गची बाई येते, साधारण आठ दिवस, रोज काही तास. टाके बघते, बाळाचं वजन ताप बघते, पाजायला शिकवते, वर चहा पण करून देते. इन्शुरन्समध्ये बसतं, तासाला थोडे पैसे आपण द्यायचे. माझी आई व्हिसामुळे उशिरा आली, ते आठ दिवस त्या बाईने तारून नेले. म्हणून म्हणते, डूला ठरवताना नंतरच्या भेटी एकाऐवजी तीन चार मागून घे, त्यासाठी आधीची एखादी कमी झाली तरी चालेल.

कर्वेनगरची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, सासूबाईंना मावशींचं उत्तर वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या या बाईंना फोन लावता येईल का 😊 काल डॉक्टरांशी बोलले. त्या म्हणाल्या कळांच्या वेळी दोघं चालतील, पण अगदी बाळ बाहेर यायच्या वेळी खोली लहान आहे म्हणून एकच. तेव्हा नवरा थांबेल असं आम्ही ठरवलं. आता पस्तीसवाल्या ताईंना भेटायला बोलावलंय. त्यांना नेमकं काय विचारू? आणि सिझर झालं तर पैशांचं काय असतं?

दोन_पिल्लांची_आई

अरे वा, डॉक्टर समजूतदार आहेत. ते आत्ताच फाइलवर लिहून घे, विसरू नको.

विचारायचं हे की तुझ्या तारखेच्या आसपास तिने अजून किती बायका घेतल्यात, आणि तुझ्या कळा सुरू असताना ती दुसरीकडे अडकली तर बदली कोण येणार. त्या बदलीवालीला पण आधीच भेट, ऐनवेळी अनोळखी चेहरा नको. तुझ्या हॉस्पिटलमध्ये आधी गेलीये का, गेली असेल तर तिथल्या सिस्टर तिला ओळखतात का हे विचार, मला वाटतं निम्मं काम त्यानेच सोपं होतं. घरी येते की थेट हॉस्पिटलला, बाळ झाल्यावर किती वेळ थांबते. कोर्स कुठला केलाय ते विचार पण त्यापेक्षा ज्यांच्यासोबत ती होती अशा दोघीतिघींचे नंबर माग आणि खरंच फोन कर, त्यातली एक तरी सिझर झालेली असू दे.

सिझरचं म्हणशील तर बहुतेक जणी फी तीच ठेवतात कारण तोपर्यंत त्या रात्रभर थांबलेल्याच असतात, पण आधीच तारीख ठरवून सिझर करायची वेळ आली तर किती परत मिळणार ते लेखी घे. ओटीमध्ये तिला बहुतेक सोडणार नाहीत. तेव्हा नवरा बाळाजवळ आणि ती बाहेर सासूबाईंजवळ, आणि तू रूमवर आलीस की बाळाला लगेच छातीशी घ्यायला ती मदत करेल, हे पण ठरवून टाक. सिझरनंतर पहिल्यांदा पाजताना कुशीवर कसं वळायचं ते कोणीतरी धरून दाखवावं लागतं आणि नेमकं तेव्हा सगळे पेढे वाटण्यात आणि फोन करण्यात असतात.

भेट झाली की इथे लिही, आणि त्या ताई कशा वाटल्या ते खरं खरं सांग, माझ्या नणंदेला पण शोधायचीये.