मदत हवी आहे: जोराच्या वाऱ्यात फॉइल सारखं पाण्याबाहेर येतंय

नमस्कार मंडळी,

विंग फॉइलिंगचा (हातात हवेने फुगवलेली विंग धरून, बोर्डाखाली पाण्यात असलेल्या पंखांवर, म्हणजे फॉइलवर, पाण्यापासून उचलून जायचा खेळ) माझा हा दुसरा हंगाम. १५ ते १८ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) वाऱ्यात आता नीट जमतं. गुडघ्यांवरून उठतो, फॉइलवर येतो, वळणंही बरीचशी पार पडतात. पण वारा २५ नॉटच्या पुढे गेला की सगळं विस्कटतं. गेल्या तीन खेपांना झोत ३० नॉटपर्यंत होते आणि तिन्ही वेळा तासाभरात दमून काठावर आलो.

वजन ७२ किलो, बोर्ड ९५ लिटर, मास्ट (बोर्ड आणि फॉइल जोडणारा उभा दांडा) ७५ सेंमी. पाण्याखालची फ्रंट विंग १७०० चौ. सेंमी, शिकताना घेतलेलीच. हातात एरवी ५ चौ. मी. ची विंग असते, जोराच्या वाऱ्यात ४ ची. मास्टचा पाया बोर्डाच्या तळाच्या खाचांच्या मधोमध आवळलेला आहे.

वेग आला की बोर्डाचं नाक वर येतं. सगळा भार पुढच्या पायावर टाकला तरी ते दबत नाही, मांडी पेटते, आणि पुढच्या झोताला फॉइल पाण्याबाहेर येऊन मी आपटतो. मागचा हात खांद्यापासून भरून येतो, विंगची मागची कड फडफडत राहते. पडलो की विंग उलटी होते आणि ती सुलटी करण्यातच निम्मी ताकद जाते.

आधी लहान फ्रंट विंग घ्यावी की हातातली ३ ची? मला हा खेळ मनापासून आवडतो, म्हणून वारा वाढला की घरी बसायचं हे पटत नाही.

प्रतिसाद

आत्ता काहीच विकत घेऊ नका. आधी मास्ट दोन सेंटीमीटर मागे सरकवा.

फॉइलची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० नॉटवरून १४ वर गेलात की तोच पंख त्याच कोनात जवळपास दुप्पट उचलतो. फॉइलच्या शेपटीचा छोटा पंख खाली दाबतो, तो दाबही तसाच वाढतो, त्यामुळे नाक वर जायला बघतं. मास्ट मागे नेला की उचलीची जागा तुमच्या पायांखाली मागे सरकते आणि पुढच्या पायावरचा ताण कमी होतो. एवढ्याने भागलं नाही तर शेपटीखालची शिम (कोन बदलणारी पातळ पट्टी) बदलून तिचा कोन थोडा कमी करा. पण दोन्ही एकाच दिवशी नको, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. मास्ट कुठे होता तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा.

तरीही १७०० हा पंख या वाऱ्याला मोठाच. पुढे खर्च करायचा झाला तर १००० ते १२०० च्या आसपासचा आधी घ्या.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. मी हातातल्या विंगबद्दल लिहितो.

कड फडफडते म्हणजे विंगच्या पुढच्या कडेच्या फुगवलेल्या नळीत हवा कमी असण्याची दाट शक्यता. व्हॉल्व्हजवळ पीएसआयचा (हवेच्या दाबाचा) आकडा छापलेला असतो, गेज लावून तेवढी भरा, हाताने दाबून अंदाज नको. मऊ नळी झोतात वाकते, विंगचा पोटाचा फुगवटा वाढतो आणि ओढीची जागा मागे जाते. मागचा हात त्यामुळेच भरतो. हवा पुरेशी असूनही ओढ मागेच राहिली तर दोन्ही हात थोडे मागे धरा.

दुसरं, विंग डोक्यावर आडवी धरत असाल तर ती तुम्हालाच उचलते. बोर्डावरचा भार हलका होतो आणि फॉइल आणखी वर येतं. झोत आला की विंग किंचित खाली आणा, मागचा हात सैल सोडा. मास्ट अर्धाच बाहेर ठेवायची सवय लावा. उसळत्या पाण्यात पंखाचं टोक बाहेर आलं तर हवा आत शिरते आणि उचल एका क्षणात जाते.

पडल्यावर लीश (विंगला बांधलेली दोरी) ओढू नका, विंग आणखी फिरते. पुढच्या नळीची वाऱ्याकडची बाजू पकडून थोडी उचला, खालून वारा शिरला की ती स्वतःच सुलटी होते. उठायच्या आधी पुढचं हँडल धरून तिला वाऱ्यात मोकळी तरंगू द्या.

आणि हेल्मेट, इम्पॅक्ट जॅकेट घालाच. वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहत असेल तर त्या दिवशी उतरू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल २४-२६ नॉट होतं. गेज लावलं तर नळीत ५ पीएसआय, छापलेलं ७. ती भरली आणि मास्ट दोन सेंमी मागे घेतला, बाकी कशालाच हात लावला नाही. फडफड थांबली. मांडी भरून आली, पण दोन तास टिकलो! फॉइल चारदाच बाहेर आलं, तेही मोठ्या झोतांना.

एक अडचण नवी. आता पाण्यावरून उचलून घ्यायला जास्त वेग लागतो, दोनदा उठताच आलं नाही.

प्रतिसाद

मास्ट मागे गेला की तसं होतंच. उठताना मागचा पाय आणखी थोडा मागे टाका, वारा वाहतो त्या दिशेला किंचित वळून वेग घ्या आणि मगच मागच्या पायाने दाब द्या. तरीही जड वाटलं तर अर्धा सेंटीमीटर पुढे आणा.