अनुभव धागा : संकटात तुम्हाला कोणत्या स्तोत्राने धरून ठेवले?

बायबलमधील स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. उपासनेत आपण तेविसावे, शंभरावे, एकशे एकविसावे ही स्तोत्रे वारंवार म्हणतो. ज्यांत दावीद राजाचा किंवा आसाफ या स्तोत्रकर्त्याचा कंठ दाटून आला आहे ती मात्र बहुधा घरी, दार लावून वाचली जातात. म्हणून ही विनंती आहे : अडचणीच्या काळात देवावर भरवसा ठेवणे म्हणजे तुमच्या बाबतीत प्रत्यक्षात काय घडले, हे एखाद्या स्तोत्राला धरून लिहावे. संकट टळलेच असले पाहिजे अशी अट नाही. आरंभ मीच करते.

2021 च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ कोरोनाने आजारी पडला. त्याच्यासाठी ऑक्सिजनची खाट शोधत आम्ही दोन दिवस फिरत होतो, आणि त्या दोन दिवसांत माझ्या फोनवर एक्याण्णवावे स्तोत्र किती जणांनी पाठवले याची गणती नाही. ‘तुझ्या तंबूजवळ कोणतीही व्याधी येणार नाही’ हे वचन मी त्याच्या उशाशी बसून मोठ्याने वाचले होते. नवव्या दिवशी तो गेला. त्यानंतर कित्येक महिने मला ते पान उघडवत नव्हते आणि संडे स्कूलच्या मुलांना ते शिकवताना माझा आवाज कोरडा पडत असे. शेवटी आमच्या वृद्ध पाळकांना मी हे सांगितले. त्यांनी समजूत घातली नाही; मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान याच स्तोत्रातील शब्द येशूपुढे ठेवून ‘खाली उडी टाक’ म्हणतो, तेवढे दाखवले आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचायला सांगितले. त्या स्तोत्राला सुखाचे वळण नाही; त्याचा शेवट अंधारातच होतो. परंतु तो अंधारातला माणूस पहिल्याच ओळीत देवाला ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक मारतो आणि सकाळी पुन्हा त्याच्याच पुढे जाऊन उभा राहतो. उत्तर मिळत नसतानाही ज्याच्याकडे जायचे तो बदलायचा नाही, हा भरवसा मला तिथे सापडला. एक्याण्णवावे स्तोत्र मी आता पुन्हा वाचते, पण त्याचा करारनामा करून देवापुढे धरत नाही.

जालना जिल्ह्यातून :

ताई, आपले वाचून धीर आला. आमची मोसंबीची बाग 2012-13 च्या दुष्काळात वाळली. टँकरने पाणी घालून वडिलांनी एक उन्हाळा तग धरला आणि मग झाडे तोडून सरपण केले. एकशे सव्विसाव्या स्तोत्रातील ‘जे अश्रू गाळीत पेरणी करतात ते आनंदाने कापणी करतील’ हे वचन आमच्याकडे हंगामाच्या उपासनेत नेहमी वाचतात, पण पेरताना माणूस रडतो कशाला हे मला त्या वर्षी कळले. घरात खायला धान्य कमी असते आणि त्यातलेच मूठभर मातीत टाकायचे असते. त्याच स्तोत्रात दक्षिण देशातील ओढ्यांचा उल्लेख आहे. तो इस्राएलमधील नेगेवचा कोरडा प्रदेश, तिथले ओढे वर्षभर दगडगोट्यांचे पात्र असतात आणि पाऊस पडला की एकाएकी भरून वाहतात. मराठवाड्यातील माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या मृगात वडिलांनी त्याच जमिनीत उसनवारीच्या बियाण्याने कपाशी लावली. ते स्तोत्र म्हणत होते की नाही मला ठाऊक नाही. ते रडत होते हे मी पाहिले आहे.

वसईहून, एक परिचारिका :

आम्हा कॅथलिकांकडे मृतांसाठीच्या प्रार्थनेत एकशे तिसावे स्तोत्र म्हणतात, त्यामुळे लहानपणापासून मला ते शोकाचेच वाटत असे. अतिदक्षता विभागात रात्रपाळी करू लागल्यावर त्यातील पहारेकऱ्याची ओळ वेगळी ऐकू आली. पहाटेची वाट पाहणारा पहारेकरी तिथे लागोपाठ दोनदा येतो. पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास, जेव्हा रुग्णाचे नातेवाईक बाहेर बाकावर बसल्या बसल्या पेंगलेले असतात, तेव्हा ती ओळ मी मनात म्हणते. उजाडणे पहारेकऱ्याच्या हाती नसते; जागे राहणे असते. माझ्या स्वतःच्या आईच्या शेवटच्या रात्रीही मला याहून अधिक काही करता आले नाही.

पंढरपूरजवळून :

आमचे घर वारकऱ्यांचे आहे, तरी लिहितो, कारण इथला विलाप परका वाटला नाही. तुकोबांनी आणि जनाबाईंनी विठ्ठलाशी भांडण केले ते त्याला आपला मानूनच. तेराव्या स्तोत्रात ‘कोठवर?’ हा प्रश्न सुरुवातीलाच चार वेळा विचारला आहे हे एका ख्रिस्ती मित्राने दाखवले, तेव्हा माझ्या आजीची देवघरातली कुरकुर आठवली.

दुबईहून :

सात महिन्यांपूर्वी नोकरी गेली. कुटुंब पुण्यात आहे. सत्त्याहत्तराव्या स्तोत्रात आसाफ म्हणतो की, तू माझ्या डोळ्याला डोळा लागू देत नाहीस. झोप न येण्याची तक्रार माणूस थेट देवाकडे करतो हे मला मोठे वाटले, कारण मी ती पत्नीकडेही केली नव्हती. पुढे तो इस्राएल लोकांना समुद्रातून नेल्याचे आठवतो आणि म्हणतो की तुझी वाट समुद्रातून होती, तरी तुझ्या पावलांचे ठसे दिसले नाहीत. त्या रात्री मी घरी फोन करून पत्नीला पहिल्यांदा सगळे सांगितले : उरलेले पैसे, व्हिसाची मुदत, माझी भीती. तिने दुसऱ्या टोकाला तेच स्तोत्र उघडले आणि आम्ही एकेक ओळ वाटून वाचली. काम अजून मिळालेले नाही. रोज रात्री साडेनऊला मी तिला फोन करतो. काल एकोणऐंशीवे झाले.