फासे नंतर, आधी कृती
तुम्ही म्हणता, डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत (२००८) आलेलं स्किल चॅलेंज (ठरावीक अपयशं येण्याआधी ठरावीक यशं मिळवायची कौशल्यांची कसोटी) म्हणजे नुसतं फासे टाकत बसणं. तसं होतं खरं, पण दोष यश-अपयशाच्या मोजणीचा नाही. खेळाडूने आधी 'मी काय करतो' ते सांगावं, कौशल्याचं नाव नंतर. आमच्या खेळात पुराची नदी ओलांडायची होती. एकीने झाडाला दोर बांधला, दुसऱ्याने नावाड्याला गोड बोलून वळवलं. तिसरं अपयश पदरी पडलं, म्हणजे नियमाने हार झाली, तेव्हा खेळ चालवताना मी त्यांना अडवलं नाही. सगळे पलीकडे पोचले, पण शिध्याची पोती वाहून गेली. मग दोन दिवस उपाशीपोटी चाल! तोच भाग सगळ्यांना अजून आठवतो.

पाचव्या आवृत्तीतली गट-चाचणीही जरूर वापरा. निम्म्यांना जमलं की सगळ्यांना जमलं, त्यामुळे जड चिलखतवालाही लपतछपत जायला कचरत नाही.