स्वतःचं अंतराळ स्थानक हवंच कशाला?

पेठेतला_पेन्शनर
मंडळी, पर्वतीवरच्या आमच्या कट्ट्यावर भारत स्वतःचं अंतराळ स्थानक उभारणार, यावरून जुंपली. एक जण म्हणतो, २०,१९३ कोटी घालून आकाशात घर बांधायचं, त्यापेक्षा मेट्रो वाढवा. दुसरा म्हणतो, शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकात राहून आलेच की, भाड्याच्या घरात भागतंय तर स्वतःचं कशाला? मला पटकन उत्तर सुचलं नाही. सदाशिव पेठेत राहून हे लिहिताना जिवावर येतंय. जाणकारांनी सांगावं.

कोथरूडचा_तारेवाला
काका, ते भाड्याचं घरच पाडणार आहेत. आयएसएस, म्हणजे ते आंतरराष्ट्रीय स्थानक, २०३० पर्यंत चालवायचं आणि मग समुद्रात उतरवायचं, असं ठरलंय. त्यानंतर उरतं चीनचं तियानगाँग. तिथे आपल्याला कोण बोलावणार?
आणि २०,१९३ कोटी अख्ख्या स्थानकाचे नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं गगनयानाचा, म्हणजे आपली माणसं अंतराळात पाठवण्याचा, कार्यक्रम वाढवला, त्याची ही एकूण रक्कम. त्यात आठ मोहिमा आणि स्थानकाचं फक्त पहिलं मॉड्यूल (जोडायचा एक भाग), तेही २०२८ पर्यंत. पाच मॉड्यूलचं पूर्ण स्थानक २०३५ ला.

भोसरी_लेथवाला
पैशांचं वर आलंय, मी कामाचं बोलतो. एमआयडीसीत माझं छोटं शॉप आहे, व्हॉल्व्हच्या बॉडी आणि फ्लँज करतो. पार्टीनं हेलियम लीक टेस्ट (हेलियम वायूनं गळती शोधायची चाचणी) मागितली की शॉपमधली बडबड आपोआप बंद होते. जोडाच्या तोंडावर नखाला न लागणारा ओरखडा असला तरी मशीन तो पकडतं, जॉब रिजेक्ट. हे जमिनीवर, हाताशी पाना असताना.

आता स्पेडेक्स आठवा, इस्रोचा अंतराळात दोन उपग्रह जोडायचा प्रयोग. २२०-२२० किलोचे दोन उपग्रह, ताशी २८ हजार किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरतायत, आणि एकमेकांजवळ सरकायचंय सेकंदाला १० मिलिमीटरनं. ७ जानेवारी ठरली होती, ती ९ झाली, शेवटी १६ जानेवारी २०२५ ला जोडले गेले. टीव्हीवाले ‘पुन्हा लांबणीवर’ म्हणून ओरडत होते. त्यांना एकदा आमच्या असेंब्ली टेबलावर बसवा.

स्थानकात हेच दहा टनांच्या मॉड्यूलचं करायचंय, एकूण ५२ टन. वर आत माणसं, म्हणजे जोडातून हवा गळता कामा नये, आणि तीही वर्षानुवर्षं. दर दीड तासाला एक दिवस-रात्र, धातू तापतोय, आकसतोय. रशियाला साल्युत, मीर या जुन्या स्थानकांपासूनचा अनुभव. तरी आयएसएसमधल्या त्यांच्या झ्वेझ्दा मॉड्यूलच्या बोगद्यात २०१९ मध्ये गळती निघाली, पुढे कामापुरतं उघडून झाकण लावून ठेवावं लागलं.

उष्णतेचं तर कुणी बोलतच नाही. लोकांना वाटतं वर थंडीच थंडी. अहो, हवाच नाही तर उष्णता वाहून नेणार कोण? आयएसएसवर अमोनिया फिरवून मोठमोठ्या रेडिएटरमधून ती बाहेर फेकतात. पाणी घाम-लघवीसकट शुद्ध करून ९८ टक्के परत वापरतात. हे सगळं आपल्याला पहिल्यांदा करायचंय. भाड्याच्या घरात राहून प्लंबिंग शिकता येत नाही, माझं उत्तर एवढंच.

२०२८? मला ओढाताण वाटते. माणसांसह गगनयान आधी जाऊन नीट परत यायला हवं. २०३५ जमेल. अवजड मॉड्यूलसाठी ३० टन नेणारं नवं रॉकेटही त्याच बैठकीत मंजूर झालंय. आणि काका, कट्ट्यावर हेही सांगा की इस्रोच्या रॉकेट मोटारींची आवरणं आपल्याच जिल्ह्यात, वालचंदनगरला होतात.

पेठेतला_पेन्शनर
दोघांचे आभार. आता एक बाळबोध शंका. हे पुण्यावरून जाईल का? दिसेल?

कोथरूडचा_तारेवाला
जाणार. कक्षेचा कल ५१.५ अंश ठरवलाय, म्हणजे ते उत्तर-दक्षिण ५१.५ अक्षांशापर्यंत फिरणार, आणि पुणं १८.५ वर. सूर्यास्तानंतरच्या किंवा पहाटेच्या तास-दीड तासात बघायचं, मध्यरात्री ते पृथ्वीच्या सावलीत असतं. तोवर आयएसएसवर सराव करा. ते इतकं ठळक आहे की कर्वे रोडच्या दिव्यांतही दिसतं. न लुकलुकता सरळ जातं. लुकलुकलं तर लोहगावचं विमान समजा.