लेट्यूसचं घरचं बी दरवर्षी बिघडतंय. संकर करून पाहू का?

माजिवड्याची_गच्ची
ठाण्यात माजिवड्याला राहतो, सोसायटीने गच्चीचा एक कोपरा वापरायला दिलाय. तीन वर्षांपूर्वी लेट्यूसचं 'मिक्स' पाकीट आणलं. पहिल्या हिवाळ्यात फेब्रुवारी संपेपर्यंत पानं खाल्ली, तेव्हापासून घरचंच बी धरतो. यंदा मात्र जानेवारीतच, कांद्याला डेंगळे यावेत तसे, मधोमध दांडे उठले. पानं कडू, आणि खालून माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीने, भरलेली. सासूबाई म्हणाल्या, "कडूच खायचं तर कारलं काय वाईट?"
उशिरा दांडा येणारं, गोड आणि मावा न लागणारं लेट्यूस संकर करून मिळेल का? की 'मावाप्रतिकारक' लिहिलेलं महागडं परदेशी बी घेऊ?

नेरूळची_हिरवळ
बी कुठल्या झाडाचं धरता?

माजिवड्याची_गच्ची
जे सगळ्यात आधी फुलतं त्याचं. पावसाच्या आत वाळवून होतं ना.

बियाणेवाले_काका
अहो, तिथेच सगळं आलं! तीन वर्षं तुम्ही निवड करताच आहात, आणि निवडताय सगळ्यात घाईचं झाड.
लेट्यूसचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. त्यामुळे एका झाडाचं बी जवळजवळ त्याच झाडासारखं निघतं. तुमच्या 'मिक्स' पाकिटात चार-पाच वेगळ्या जाती असणार. त्यातली लवकर फुलणारी तेवढी तुम्ही राखलीत, बाकीच्या कोशिंबिरीत गेल्या. आता त्या एकाच जातीतून कितीही निवडलंत तरी हाती फार काही लागणार नाही, कारण सगळी रोपं एका साच्यातली.
म्हणून आधी वाण गोळा करा. इस्रायलमध्ये उष्णतेसाठी तयार केलेली जेरिको ही रोमेन (लांब, उभ्या पानांची) जात आणि बटाव्हिया (कुरकुरीत, सैल गड्ड्याच्या) प्रकारातली एखादी, अशा दोन तरी घ्या. घट्ट गड्ड्याच्या आइसबर्गचा नाद सोडा. आपल्याकडच्या हवेत गड्डा वळेपर्यंत ऊन चढतं.

कळवा_नाका
परदेशी पाकिटावर 'एनआर:०' आणि 'बीएल' असं काही छापलेलं असतं. ते काय?

बियाणेवाले_काका
'बीएल' म्हणजे ब्रेमिया लॅक्टुसी, केवडा रोगाची बुरशी. पुढचे आकडे तिच्या कुठल्या वंशांना ती जात दाद देत नाही ते सांगतात. हा थंड, ओल्या हवेचा रोग. आपण ओल्या दिवसांत लेट्यूस लावतच नाही, तेव्हा गच्चीसाठी त्या आकड्यांचे जास्त पैसे मी तरी मोजणार नाही.
'एनआर' हा माव्याविरुद्धचा जनुक, लॅक्टुका विरोसा या रानटी भाईबंदाकडून आणलेला. पण तो नासोनोव्हिया नावाच्या, लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांत शिरणाऱ्या माव्यासाठी. २००७ च्या सुमारास युरोपात त्याला न जुमानणारा मावाही निघाला. तुमच्याकडचा मावा बहुधा शेजारच्या मिरची-वांग्यावरून आलेला. त्याला 'एनआर' वाचता येत नाही :)

नेरूळची_हिरवळ
संकर मी करून पाहिलाय, म्हणून लिहिते. लेट्यूसचं एक 'फूल' म्हणजे पंधरा-वीस बारीक फुलांचा झुबका, शेवंतीच्या घराण्यातलं. झुबका सकाळी एकदाच उघडतो आणि दुपारच्या आत मिटतो. पाच पुंकेसर चिकटून नळी झालेली असते. तिच्यातून स्त्रीकेसर वर सरकतो तो बाटली धुवायच्या ब्रशसारखा स्वतःचाच पराग ओढत. तो पराग धुवायचा: फवाऱ्याच्या बाटलीने बारीक पाणी मारा, फुंकर घालून वाळवा, दोन-तीनदा असंच. मग केसराचं टोक दुभंगलं की बापाचं फूल त्यावर हलकेच घासा.
आई हिरव्या पानाची, बाप लाल पानाचा घ्या. लाल रंग वरचढ असतो. रोपं आली की लाल तेवढी खरी संकराची, हिरवी म्हणजे धुणं कच्चं राहिलेली. पहिल्या वर्षी माझी बावीस रोपं उगवली आणि बावीसच्या बावीस हिरवी! उशिरा उठले होते, दुसरं काही नाही.

माजिवड्याची_गच्ची
लाल आली की झालं?

बियाणेवाले_काका
खरं काम तिथून पुढे. लाल रोपांना आपलं आपण फळू द्या आणि ते बी पुढच्या ऑक्टोबरात जमेल तितकं लावा, पन्नासच्या खाली नको. त्या पिढीत सगळं विस्कटतं: लाल, हिरवं, कडू, गोड, घाईचं, निवांत. प्रत्येकाला दोरा बांधून नंबर द्या. एकाच दिवशी, सकाळीच, प्रत्येकाचं एकेक पान चावून बघा आणि लिहा. नंतर 'अंदाजे आठवतंय' चालत नाही. माव्यासाठी या कुंड्यांवर निंबोळी अर्क मारू नका, नाहीतर कोण टिकाऊ ते कळायचं कसं? पण कुंड्या आठवड्याला फिरवा. मिरचीशेजारच्या कुंडीत मावा जास्त असणारच, त्यात त्या रोपाचा काय दोष?
दांडा दिसला की तारीख टाका. सगळ्यात शेवटी दांडा येणाऱ्या, चवीला बऱ्या अशा तीन-चार झाडांचंच बी धरा. पाच-सहा पिढ्यांत जात बऱ्यापैकी स्थिर होते. आपल्याकडे वर्षाला एकच पिढी, तेव्हा घाई नको.

कळवा_नाका
आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात बी उगवतच नाही त्याचं काय?

नेरूळची_हिरवळ
तिशीच्या वर पारा गेला की ते झोपतं. ओल्या कागदावर घालून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. आणि मातीत पुरू नका, नुसतं भुरभुरा. बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो.

माजिवड्याची_गच्ची
आत्ता जाऊन बघितलं. तेरा कुंड्यांपैकी एकीला अजून दांडा नाही! पाण्याच्या टाकीच्या सावलीत आहे म्हणून की जातच तशी?

बियाणेवाले_काका
ते पुढच्या वर्षी उन्हात कळेल. बी मात्र धरा, वेगळ्या पाकिटात.

माजिवड्याची_गच्ची
हिरवळताई, तुमच्या लाल जातीचं चिमूटभर बी मिळेल का?

नेरूळची_हिरवळ
मिळेल की. लेक रोज ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला येते. लग्नपत्रिकेच्या लिफाफ्यात घालून देते. शनिवारी साडेनऊला दहा नंबर फलाटावर, पुढच्या डब्यापाशी. येताना त्या शेवटच्या कुंडीचं एक पान आणा, तिला चावायला सांगते.