शब्दचर्चा : ‘मॅनिफेस्ट’ करणे म्हणजे मराठीत नक्की काय करणे?

वेलांटी : ध्यानाच्या एका ऑडिओची मराठी संहिता लिहितेय. ऐकणाऱ्याने हेडफोन लावायचे, डाव्या कानात २०० हर्ट्झचा सूर, उजव्यात २०६ चा. त्याने मेंदू म्हणे थीटात, म्हणजे संथ मेंदूतरंगांच्या अवस्थेत, जातो, मन एकाग्र होतं आणि मग हवी ती गोष्ट ‘मॅनिफेस्ट’ करायची, म्हणजे नुसती मनात धरून प्रत्यक्षात आणायची. मी लिहिलं, ‘तुमची इच्छा प्रकट करा’. काम देणाऱ्यांनी परत पाठवलं : हे तर नुसतं इच्छा बोलून दाखवण्यासारखं वाटतं. खोटं नाही, ‘निषेध प्रकट करणे’मधलंच ते प्रकट. मग दुसरं काय लिहू? ‘ब्रेनवेव्ह एन्ट्रेनमेंट’वरही अडलेय, म्हणजे बाहेरच्या ठेक्यामागे मेंदूचे तरंग जाणं.

रफार : संकल्पसिद्धी. एवढा सुंदर शब्द घरात असताना बाहेर का शोधायचं? सम् + क्लृप्, म्हणजे जुळवणं, आकाराला आणणं. अर्थ धातूतच बसलाय.

वेलांटी : मला क्रियापद हवंय हो. ‘हवी ती नोकरी संकल्पसिद्ध करा’ हे कोण डोळे मिटून ऐकेल?

अर्धविराम : साकारा! स्वप्न साकारतं, आपणही स्वप्न साकारतो. दोन्ही चालतं.

शाईपेन : चालतं, पण ‘साकारणे’ला घामाचा वास आहे. शिल्प साकारतात, भूमिका साकारतात. इथे माणूस हेडफोन लावून बसलाय. मुळात गोम अशी की देव प्रकटतो, रोग प्रकटतो, अव्यक्त ते व्यक्त होतं. या सगळ्यात कर्ता तीच गोष्ट असते. आपण बाहेर बसून तिला प्रकटवत नाही. इंग्रजीत ते सकर्मक करून टाकलंय, ‘मी घर मॅनिफेस्ट केलं’. मराठीत क्रियापद सापडत नाही ते शब्दसंपत्ती कमी पडते म्हणून नव्हे. ही क्रिया आपण आजवर क्रिया म्हणून मोजलीच नव्हती.

रफार : नवस होता की.

शाईपेन : नवसाला ऐकणारा कुणीतरी लागतो, आणि फेडावाही लागतो. इथे फेड नाही.

खोडरबर : मनातले मांडे खाणे. घ्या, क्रियापदासकट.

वेलांटी : 😄 हे पाठवलं तर काम जाईल.

कानामात्रा : शब्दांआधी वस्तू बघू या का? ६ हर्ट्झचा सूर कुणालाच ऐकू येत नाही, कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ. दोन कानांत दोन वेगळे सूर गेले की त्यांचे संदेश मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात एकत्र येतात आणि फरकाइतका हेलकावा जाणवतो. १८३९ मध्ये डोव्ह नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं. मेंदूचे विद्युततरंग तेव्हा कुणी मोजलेही नव्हते. माणसाच्या मेंदूचा विद्युतालेख (ईईजी) हान्स बर्गरने छापला तो १९२९ साली. त्यामुळे ‘थीटाचा सूर ऐका’ असं लिहिलं असेल तर आधी ते खोडा. हेडफोनची अटही ठळक लिहा. स्पीकरवर लावलं तर दोन्ही सूर हवेतच मिसळतात, मग ती साधी विस्पंदं झाली, म्हणजे मेंदूत नव्हे, हवेतच तयार झालेला हेलकावा. आता त्या हेलकाव्यामागे मेंदूचे तरंग खरोखर जातात का, यावर प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात. नोकरी मिळते का, हा तर प्रयोगशाळेचा विषयच नाही.

वेलांटी : ‘थीटाचा सूर’ लिहिलं होतं. खोडलं. 🙏

अर्धविराम : हेलकावा छान आहे. तंतुवाद्य जुळवताना दोन तारा अगदी जवळ आल्या की हेच ऐकू येतं. सूर जुळत जातो तसा हेलकावा मंदावतो आणि शेवटी थांबतो. विस्पंद म्हटलं की मला परीक्षा आठवते.

रफार : परीक्षा आठवते म्हणून शब्द टाकायचा? मग उरेल काय? आणि ब्रेनवेव्हला मेंदूतरंग म्हणा, ‘लहर’ म्हणू नका. मेंदूला लहर आली तर माणूस ध्यान सोडून उठून जाईल.

खोडरबर : एन्ट्रेनमेंटला माझ्याकडे शब्द आहे. नादावणे. नाद कानावर पडला आणि मन त्याच्यामागे गेलं. नादी लागणं हेच तर आहे ते!

रफार : नादी लागणं म्हणजे वाया जाणं. आमचे काका एका गुरूच्या नादी लागले होते, त्यांना कुणी एकाग्र म्हणालं नाही.

खोडरबर : छंदही बघा. वृत्ताचा छंद आणि फावल्या वेळचा छंद. नादिष्ट, छंदिष्ट. ज्यात लय आहे ते माणसाला धरून ठेवतं, हे भाषेनं कधीच ओळखलंय.

कानामात्रा : व्युत्पत्ती म्हणून हे कितपत टिकेल कोण जाणे, पण शब्द पटला. तरंगांची ठेका धरण्याची क्रिया, ‘नादावणे’. मला एकच खटकतं, थीटा म्हणजे ४ ते ८ हर्ट्झचे मेंदूतरंग, आणि पेंग येताना तेच वाढतात. म्हणजे आपल्याकडची तंद्री. पेंगणारा माणूस एकाग्र कसा?

शाईपेन : मराठीत असतो ना. संस्कृतात तंद्रा म्हणजे झोपाळूपणा, पण आपल्याकडे चित्रकाराचीही तंद्री लागते आणि ती कुणी मोडली तर तो चिडतो. एकाच शब्दात पेंग आणि तल्लीनता. संहितेत थीटाच्या जागी सरळ ‘तंद्री’ घाला.

रफार : ध्यानाच्या संहितेत तंद्री? ध्यान म्हणजे जागेपण. शब्दाची इतकी मोडतोड नको.

खोडरबर : ध्यानाचं काय सांगता, ‘काय ध्यान आहे!’ हेही मराठीच. आणि ‘ध्यानीमनी नसताना’ जे मिळतं, ते या मॅनिफेस्टवाल्यांनी कशात धरायचं?

अर्धविराम : मांडे हे ‘मांडणे’वरून आले का? मनात मांडलेले ते मांडे? मग खोडरबरची सूचना अगदीच वाया गेली नाही.

रफार : नाही. संस्कृत मण्डक. मांडणीशी काही संबंध नाही.

अर्धविराम : आमच्या मास्तरांनी वर्गात मांडणीच सांगितली होती.

रफार : मास्तर चुकले होते.

वेलांटी : मंडळी, उद्या सकाळी संहिता द्यायचीय. ‘तंद्री लागू दे, मन नादावू दे’ इथपर्यंत आलेय. पुढचं क्रियापद?

शाईपेन : मण्डक आणि मांडणे, दोन्हींच्या मुळाशी ‘मण्ड्’च असेल तर? सजवणे. रफार, जरा बघा बरं.