रेतकांडीतील प्रतिजैविके: गरज की सवय?

धागाकर्ता (दौंड):
उरुळी कांचनला १९६७ साली मणिभाई देसाईंनी बायफ ही संस्था उभी केली, तेव्हापासून आपल्या पुणे जिल्ह्यात कृत्रिम रेतन दारापर्यंत आले. परंतु अंड्याचा बलक, ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारे रसायन) आणि ग्लिसरॉलच्या ज्या द्रावणात वळूचे रेत मिसळून कांडीत, म्हणजे बारीक नळीत, गोठवतात, त्यात पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकेही घातलेली असतात, हे किती गोपालकांना ठाऊक आहे? एकीकडे आम्हाला प्रतिजैविके जपून वापरा म्हणायचे आणि दुसरीकडे धडधाकट गाईच्या गर्भाशयात ती सोडायची, हे मला पटत नाही.

पशुवैद्यक, बारामती:
आधी हिशेब पाहावा. दर मिलिलिटरला ५०० युनिट पेनिसिलिन धरले, तर ०.२५ मिलिलिटरच्या कांडीत ते १२५ युनिट भरते. कासदाहाच्या इंजेक्शनात हाच आकडा लाखांच्या घरात असतो. शिवाय नैसर्गिक संयोगात वळू रेत योनीमार्गात सोडतो, आपण मात्र नळी गर्भाशयमुखापलीकडे नेतो, म्हणजे शरीराचा पहारा ओलांडूनच आत जातो. उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात जंतू मरतात असेही नाही. शुक्राणूंसोबत तेही टिकून राहू शकतात. एका वेळच्या रेतातून काही शे कांड्या निघतात. त्यात कॅम्पिलोबॅक्टर हा गर्भधारणा बिघडवणारा जंतू असला, तर किती गावांतल्या गाई उलटतील, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतील?

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, खडकी:
डॉक्टरसाहेब, गाईपुरता तुमचा हिशेब बरोबर आहे, परंतु प्रश्न जंतूंचा आहे. पेनिसिलिन वाढत्या जिवाणूंवर चालते आणि रेत तर गोठवण्यापूर्वी ५ अंशांवर ठेवलेले असते, जिथे बहुतेकांची वाढ जवळपास थांबलेली असते. जे जिवाणू औषधाला दाद देत नाहीत ते जसेच्या तसे कांडीत बसतात, आणि आयबीआर या गुरांच्या संसर्गजन्य रोगाच्या विषाणूला तर या औषधांचे सोयरसुतक नाही. खरे काम रेत घेण्याआधीचे आहे: वळूच्या मुतानाच्या टोकाचे केस कातरणे, सलाइनने आतून धुणे, प्रत्येक वेळी निर्जंतुक केलेली कृत्रिम योनी (रेत गोळा करायचे साधन) वापरणे. बाटलीत औषध आहे म्हटल्यावर याच कामात हात आखडता घेतला जातो, हे माझे स्पष्ट मत आहे.

पशुवैद्यक, बारामती:
ढिलाई होते म्हणून औषध काढायचे, तर ढिलाईचे सारे ओझे गाईवर पडेल. आधी प्रत्येक बॅचमधील जिवाणूंची मोजणी औषध घालण्यापूर्वी करून जाहीर करावी. ती सातत्याने नगण्य आली, तर मी औषधाचा आग्रह सोडेन.

धागाकर्ता:
मोजणीला माझी हरकत नाही, पण ती करणार कोण? ज्या केंद्राने कांड्या विकायच्या, त्यानेच स्वतःला प्रमाणपत्र द्यायचे असेल, तर मी आजही साशंकच आहे.